तान्ह्या लेकीला प्रार्थना कुठल्या भाषेत शिकवू? (आणि बाप्तिस्म्याचं काय करू?)

वडगावची_सून

नमस्कार मंडळी. लेक परवा तीन महिन्यांची झाली. मांडीवर झोपली आहे म्हणून एकाच हातानं टाइप करतेय, चुका पदरात घ्या.

आधी घर सांगते, म्हणजे घोळ कळेल. मी बेळगावचीच. माहेर कॅम्पात, मेथडिस्ट, मराठी उपासनेत वाढलेली. नवरा खानापूर तालुक्यातला, कॅथलिक, घरी कोंकणी. लग्न त्यांच्या चर्चमध्ये झालं आणि माझ्या आईबाबांनी ते हसतमुखानं करून दिलं (म्हणजे बाबांनी, आईचं हसू फोटोपुरतं होतं). सध्या आम्ही वडगावात भाड्यानं राहतो. खाली घरमालक आजी-आजोबा, बाजूला यंत्रमाग. पाहुण्यांना त्या खडखडाटात बोलता येत नाही, पोरगी मात्र माग बंद पडला की जागी होते.

सासूबाईंचा एकच प्रश्न, रोज फोनवर: "बाप्तिज्म केन्ना?" परवा म्हणाल्या, उशीर नको, मधेच काही झालं तर... आणि वाक्य अर्धं सोडलं. तेव्हापासून माझ्या पोटात गोळा आहे. माझी आई म्हणते, आपल्यातही तान्ह्यांचा बाप्तिस्मा होतो, मग आपल्याच देवळात कर की. भाऊ पुण्यात विश्वासी मंडळीत जातो, पाण्यात बुडून बाप्तिस्मा घेतलाय त्यानं. तो म्हणतो, एवढ्याशा जिवाला काय कळतं? मोठी होऊ दे, तिचं ती ठरवेल. नवरा म्हणतो, तुम्ही सगळे ठरवा, मी फादरना फोन लावतो.

पण हे सगळे एका दिवसाबद्दल भांडताहेत. माझा खरा प्रश्न दुसऱ्या दिवसापासूनचा आहे. पहाटे तीनला मी तिला घेऊन फेऱ्या मारते तेव्हा विश्वासात वाढवायचं म्हणजे नक्की काय करायचं? तिला काहीच कळत नाही. मी मला येतात ती मराठी गाणी म्हणते. नवरा झोपेत "आमच्या बापा, सर्गींच्या" पुटपुटतो. पुढं शाळा बहुतेक इंग्रजी माध्यमाची, कन्नड तर शिकावंच लागणार. चार भाषांत पोर देवाशी बोलणार तरी कुठल्या?

अजून एक. खालच्या आजींनी तिच्या मनगटाला वेखंड घालून काळा दोरा बांधलाय. संध्याकाळी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढतात, अगदी मायेनं. भावानं व्हिडिओ कॉलवर दोरा बघितला आणि अर्धा तास माझं डोकं खाल्लं. मी दोरा काढलेला नाही. चतुर्थीला त्यांच्याकडं गणपती बसतो, पोरीला घेऊन जायचं की नाही?

उपदेश नको. ज्यांनी पोरं वाढवलीत त्यांनी काय केलं ते सांगा.

निपाणीचा_भाऊ

ताई, तुमच्या भावाच्या बोलण्याची रीत चुकली असेल, पण म्हणणं टाकाऊ नाही. आम्ही आमच्या दोन्ही मुलांचा तान्हेपणी बाप्तिस्मा केला नाही, समर्पण केलं. हन्नानं शमुवेलाला दूध तुटल्यावर मंदिरात नेऊन देवाला वाहिलं. योसेफ-मरियेनं बाळ येशूला यरुशलेमात नेलं, सोबत अर्पणाला होल्यांची जोडी किंवा पारव्याची दोन पिल्लं, गरिबाचं अर्पण ते. आमच्याकडं पाळक बाळाला हातात घेऊन प्रार्थना करतात, आईबाप मंडळीसमोर शब्द देतात. बाप्तिस्मा पुढं, त्यानं स्वतः मागितल्यावर. फिलिप्पानं कूशी षंढाला रस्त्यात पाणी दिसल्यावर बाप्तिस्मा दिला, पण आधी त्या माणसानं विचारलं होतं.

दोऱ्याबद्दल माझं मत कडक आहे. काढा. दृष्टीला घाबरायचं आणि प्रभूवर भरवसा ठेवायचा, दोन्ही एकदम जमत नाही. मात्र आजींशी भांडू नका.

कॅम्पातली_मावशी

वडगावच्या सुनबाई, तू माझ्या मुलीच्या वयाची असणार, म्हणून अगं-तुगं करते. मी मराठी प्राथमिक शाळेत शिक्षिका होते, आता रिटायर. संडे स्कूल मात्र अजून सुटलेलं नाही. आपल्या गावात लंडन मिशनचे लोक 1820 साली आले, 1904 मध्ये त्यांनी काम मेथडिस्टांच्या हवाली केलं. आमचं घर या दोन्हींच्या वहीत आहे. तेव्हा तुझ्या आईला जे वाटतं ते मला न सांगता कळतं.

पण बाप्तिस्मा कुठं, हे तुझं सुटलेलं आहे गं. लग्नाआधी तुझ्या नवऱ्यानं फादरसमोर शब्द दिलाय की मुलांना कॅथलिक विश्वासात वाढवायला मी होईल तेवढं करीन. तुला ते तेव्हा सांगितलं असणार. आता तो फोन लावतो म्हणतो, तर लावू दे. आईला एवढंच सांग: पाणी आणि पिता-पुत्र-पवित्र आत्म्याचं नाव असलं की तो बाप्तिस्मा आपल्या मंडळीलाही चालतो, आपला त्यांना चालतो. पुन्हा कुणी करायला सांगणार नाही. नात बाटली नाही, हरवली नाही.

निपाणीच्या भाऊ, कूशी षंढाचं खरं आहे. पण त्याच प्रेषितांच्या पुस्तकात सोळाव्या अध्यायात लुदिया घराण्यासकट बाप्तिस्मा घेते आणि फिलिप्पैचा तुरुंगाधिकारी रात्री उठून सगळ्या घरच्यांसकट घेतो. त्या घरांत पाळणा होता की नव्हता ते लिहिलेलं नाही. म्हणून तर तुमचं-आमचं अजून चाललंय. चालू दे, पोरीला त्यात ओढू नका.

आता तिच्या खऱ्या प्रश्नाकडं येते.

तो सोळावा अध्याय उघडलाच आहे तर पहिलं वचन बघ. तीमथ्याची आई विश्वास ठेवणारी यहुदी बाई आणि बाप हेल्लेणी, म्हणजे ग्रीक. म्हणजे दोन रीतींचं घर, तुझ्यापेक्षा अवघड. तरी पौल त्याला लिहितो की पवित्र शास्त्र तुला बालपणापासून ठाऊक आहे. आणि हा विश्वास आला कुठून? आधी तुझी आजी लोईस हिच्यात होता, मग आई युनीके हिच्यात. आजीचं नाव आधी! पाळकांनी आईच्या दिवशी यावर प्रवचन दिलं की मी नेहमी मागून पुटपुटते, आजी विसरलात. तुझ्याकडं दोन लोईस आहेत आणि तू त्यांचं भांडण सोडवत बसलीस. त्यांना कामाला लाव. सासूबाई आल्या की पोरगी त्यांच्या मांडीवर आणि हातात तेर्साची (जपाची) माळ. मणी ओढेल, चोखेल, चोखू दे, फक्त तुटकी माळ नको. तुझी आई आली की गाणी. रेव्हरंड टिळकांची भजनं (लोकमान्य नव्हेत, आपल्याकडं हे सांगावं लागतं) टाळावर म्हणायची असतात, पण मांडीवर थोपटतही म्हणता येतात, चाली तशाच आहेत.

"तिला काहीच कळत नाही" म्हणतेस. आमच्या मेथडिस्टांच्या मूळ घरातलं सांगते. मेथडिस्ट पंथ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीची आई सुझाना. एकोणीस बाळंतपणं, त्यातली निम्मी पोरं हाती लागली नाहीत. पुढं जॉननं विचारलं म्हणून तिनं 1732 साली पत्र लिहून आपली रीत कळवली. त्यात आहे की पोरांना बोलता येण्याआधी, गुडघे टेकता येण्याआधी, घरातल्या प्रार्थनेनंतर खुणेनं आशीर्वाद मागायला शिकवलं जाई. खुणेनं! बोलायला लागली की लगेच प्रभूची प्रार्थना, उठताना आणि निजताना. मला हे शाळेत शिकवताना पटलं नव्हतं, स्वतःच्या पोरीनं दाखवलं. ती आईसुद्धा म्हणत नव्हती तेव्हापासून ताटासमोर हात जोडायची. आता त्यात भक्ती किती आणि मऊ भाताची घाई किती, देवाला माहीत. पण हात जोडले की जेवण येतं हे शरीराला ठाऊक झालं, अर्थ मागून आला. अर्थ आधी आणि हात मागून, असं मी अजून एकाही पोरात बघितलेलं नाही.

त्याच पत्रात सुझाना म्हणते की वर्षाची झाली की, काहींना त्याआधीच, पोरांना छडीचा धाक आणि हळू रडायला शिकवलं. ते घेऊ नकोस. थोर बाई होती म्हणून तिचं सगळंच उचलायचं नसतं. तिचं दुसरं एक मात्र घे, आताच नव्हे, पोरगी चार-पाच वर्षांची झाल्यावर. आठवड्याची एकेक संध्याकाळ तिनं एकेका पोराला वाटून दिली होती, एकट्याशी बोलायला. गुरुवार जॉनचा. मोठा होऊन ऑक्सफर्डच्या कॉलेजात फेलो झाला तरी त्याला तो गुरुवार आठवत होता.

आता तीन महिन्यांच्या पोरीला काय, तर थोडंच, पण रोज तेच. बायबलच्या अनुवाद या पुस्तकात सहाव्या अध्यायात मोशे सांगतो की ही वचनं मुलाबाळांना शिकवा: घरी बसताना, वाटेनं चालताना, निजताना, उठताना. चारही वेळा घरातल्या आणि रस्त्यातल्या, मंदिराचं नाव नाही. मी काय करायचे ते सांगते. दिवा मालवण्याआधी कपाळावर अंगठ्यानं क्रूस (आमच्याकडं ही पद्धत नव्हती, शेजारच्या कॅथलिक बाईंची बघून उचलली) आणि एकच प्रार्थना, तेच शब्द, तोच सूर. मी तापानं फणफणले होते तेव्हा नवऱ्यानं म्हटली. त्याला शब्द येत नव्हते, अर्धी गाऊन ढकलली, पण चुकवली नाही. आणि माणसांची नावं. आजी, आजोबा, मामा, दूधवाला, रात्री भुंकणारं कुत्रं, सगळ्यांना देवा सांभाळ. दोन वर्षांची झाली की यादी तीच वाढवेल. माझ्या लेकीनं बस कंडक्टरला घातलं होतं, कारण त्यानं तिला तिकिटाचा तुकडा दिला होता.

उपासनेला ने. रडली तर रडली. शेवटच्या बाकावर, दाराशी बस. दूध पाजायचं तर तिथंच पाज. पुढच्या बाकावरच्या बायका वळून बघतील, त्यांचीही पोरं अशीच रडलेली आहेत, मला नावानिशी माहीत आहे. पोरांना "मोठी झाली की आणा" म्हणणाऱ्या मंडळीत दहा वर्षांनी पोरंच नसतात. मिस्सा (कॅथलिकांची उपासना) एका रविवारी, मराठी उपासना दुसऱ्या रविवारी, असं करायचं असेल तर नवऱ्याशी आधी मोकळेपणानं बोल. त्यांच्यात रविवारची मिस्सा कर्तव्य असते, ती चुकवून चालत नाही. आमची उपासना संध्याकाळी असेल तेव्हा ये, दोन्ही होतील.

एक गोष्ट मात्र करू नकोस, पोटतिडकीनं सांगते. "येशूबाप्पा बघतोय हं, रागावेल." आपल्याकडं पोर जेवलं नाही की बुवा येतो, झोपलं नाही की पोलीस येतो, त्या रांगेत प्रभूला उभं करू नको. माझ्याकडं संडे स्कूलला अशी पोरं येतात. चित्रातल्या येशूकडं बघून चपापतात. तो भीतीचा चिकटा काढता काढता माझी दोन-तीन वर्षं जातात, काहींचा निघतच नाही.

भाषेचं सोपं आहे. ज्याला जी भाषा झोपेत येते त्यानं तीत म्हणायचं. बापाचं कोंकणीत, तुझं मराठीत. पोरं गोंधळत नाहीत, आपण गोंधळतो. आमच्या संडे स्कूलमध्ये एक पोरगा आहे, बापासारखी प्रार्थना कन्नडमध्ये, "परलोकदल्लिरुव नम्म तंदेये", आणि आमेन झालं की माझ्याशी मराठीत भांडतो, बिस्कीट मिळालं नाही म्हणून. शाळेचं माध्यम निवडतात तशी प्रार्थनेची भाषा निवडायची नसते. आपल्या भागात भाषा म्हटलं की पाट्या आणि मोर्चे डोळ्यांसमोर येतात. पाळण्यापाशी तरी तो सीमाप्रश्न नको.

दोऱ्याबद्दल भाऊंचं मत मला पटतं, घाई पटत नाही. भावाला दाखवायला म्हणून तोडू नको. आता हात तोंडात घालायला लागली असेल, वेखंडाचा तुकडा तोंडात जाणं धोक्याचं, हे खरं कारण आहे आणि आजींनाही पटेल. सोडव, त्यांच्याच हातात दे आणि म्हण, आजी, आम्ही रात्री तिच्यासाठी प्रार्थना करतो, आज तुम्ही पण वर या. येतील बघ. मीठ-मोहऱ्या हळूहळू आपोआप कमी होतात. डोळ्यांत काजळ मात्र कुणाला घालू देऊ नको, ते डॉक्टरही नको म्हणतात.

गणपतीला जा. नमस्कार-आरतीचं ताट तुझ्या हातात कुणी देणार नाही, शेजाऱ्यांना सगळं कळतं. प्रसाद खायचा की नाही यावर आपल्यातच दोन मतं आहेत. पौलानं करिंथकरांना मूर्तीला दाखवलेल्या अन्नाबद्दल लिहिलं तेव्हाही होती. काय करायचं ते तुम्ही दोघं चतुर्थीच्या आधी घरात ठरवा. जिन्यावर उभं राहून कुजबुजत ठरवू नका, फार वाईट दिसतं.

खानापूर_कॅटेकिझम

मावशींनी बरंच सांगितलं, मी कॅथलिक बाजूचं नेमकं सांगतो. मी पॅरिशमध्ये (आमच्या चर्चच्या मंडळीत) मुलांना कॅटेकिझम, म्हणजे धर्मशिक्षण, शिकवतो.

चर्चचा कायदा (कॅनन 867) म्हणतो की बाप्तिस्मा जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांत करावा. तीन महिने झाले म्हणून काही बिघडलं नाही, पण आता फादरना भेटा. पुढचा कॅनन म्हणतो, निदान एका पालकाची संमती हवी आणि मूल कॅथलिक विश्वासात वाढेल अशी आशा हवी. तुमच्याकडं दोन्ही आहे. लग्नातला तो शब्द फक्त कॅथलिक जोडीदार देतो, दुसऱ्याला त्याची कल्पना द्यायची असते. पूर्वी दोघांकडून लिहून घेत. पोप सहावे पॉल यांनी 1970 साली ते बदललं. त्यामुळं ताई, तुमच्या मंडळीची गाणी तुम्ही तिला शिकवली म्हणून नवऱ्याचा शब्द मोडत नाही.

आता सासूबाईंचं अर्धं वाक्य. जुन्या पिढीला शिकवलं होतं की बाप्तिस्म्याविना गेलेलं बाळ लिंबोत, म्हणजे स्वर्गही नाही नरकही नाही अशा जागी, जातं. ती पक्की शिकवण कधीच नव्हती. आजचा कॅटेकिझम (चर्चचं शिकवणीचं पुस्तक) अशा बाळांना देवाच्या दयेवर सोपवतो, आणि 2007 साली व्हॅटिकनच्या ईशज्ञान आयोगानं त्यांच्या तारणाची आशा धरायला भक्कम कारणं आहेत असं लिहिलं. हे सासूबाईंना तुम्ही सांगू नका, नवऱ्यानं कोंकणीत सांगावं. आणि जिवावर बेतलं तर पाणी ओतून बाप्तिस्मा कुणीही देऊ शकतं, फादरची वाट बघावी लागत नाही. बऱ्याच नर्सबायांना हे येतं. हे कळलं की आयांची निम्मी भीती जाते.

पाद्रीन-माद्रीन (बाप्तिस्म्याचे धर्मपिता-धर्ममाता) दोन्ही हवेतच असं नाही, एक पुरे. पण तो कॅथलिक, दृढीकरण झालेला, सोळा वर्षं पूर्ण केलेला हवा, आणि आईबाप नकोत. तुमच्या मेथडिस्ट घरातलं कुणी त्याच्यासोबत ख्रिस्ती साक्षी म्हणून उभं राहू शकतं. तुमच्या आईला उभं करा. वहीत नाव लागतं.

वडगावची_सून

मावशी, तुम्ही अगं-तुगंच करा. दादा, साक्षीचं माहीतच नव्हतं. आईला आत्ताच फोन केला. "बघू" म्हणाली. तिच्या "बघू"चा अर्थ साडी कुठली नेसायची ते बघते आहे.

पण एक खटकतं. मावशींच्या पद्धतीनं रोज तेच तेच केलं आणि तिला पुढं कंटाळा आला तर? माझ्या चुलतबहिणीच्या मुलानं बारावीनंतर चर्चचं तोंड बघितलेलं नाही, आणि त्यांच्या घरी रोज रात्री प्रार्थना होते.

बेळगाव_टू_बेंगळूर

मी असाच मुलगा, म्हणून लिहितो. (तुमच्या बहिणीचा नव्हे!) आई कॅथलिक, बाबा प्रोटेस्टंट, तुमच्या उलट. लहानपण टिळकवाडीत, आता बेंगळूरला नोकरी.

मला प्रार्थनेचा कंटाळा आला नाही, प्रदर्शनाचा आला. पाहुणे आले की "म्हणून दाखव की स्तोत्र तेविसावं." पावणं चहा पिताहेत, मी स्टुलावर उभा, चुकलो की हसू. सुवर्णवचन पाठ केलं की बक्षीस, नाही केलं की काकूंच्या मुलाशी तुलना. ऑक्टोबरात तेर्साला फरशीवर गुडघे टेकून हललो की पाठीत टपली. दहावीनंतर हॉस्टेलला गेलो तेव्हा पहिल्यांदा रविवारी दहापर्यंत झोपलो आणि काय सुख वाटलं म्हणून सांगू.

पण आजारी पडलो की तोंडून जे येतं ते आजीचं येतं. ती माझ्याकडून काही म्हणवून घेत नव्हती. ती भाकरी थापताना स्वतःशीच गायची. चूल, भाकरीचा आवाज आणि तिचं गाणं. मी तिथं खेळत असायचो, शिकत नव्हतो. आता मी मिस्सेला जातो का? नाताळ, पुनरुत्थानाचा सण आणि अधूनमधून, इथल्या कन्नड मिस्सेला, एकटाच. आईला सांगत नाही. सांगितलं की ती नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकेल.

तर ताई, स्वतः करा. तिला करायला लावायचं थोडं कमी ठेवा. आणि तुमचं दोघांचं चर्चवरून भांडण झालं तर ते तिच्यासमोर करू नका. आमच्या घरी रविवारी सकाळी स्कूटर कुठल्या दिशेला वळणार यावर वाद व्हायचा. मी मधे उभा, बूट घालून.

कॅम्पातली_मावशी

बेंगळूरच्या बाळा, स्टुलावर उभं करण्याचं अगदी बरोबर बोललास. नाताळच्या कार्यक्रमात मीही पोरांना उभं करते, पण सगळ्यांना एकदम, कुणाचं चुकलं ते कळत नाही. बक्षिसं मी केव्हाच बंद केली. आयांनी तक्रार केली, पोरांनी केली नाही.

सुनबाई, बारावीनंतर न जाणारा मुलगा म्हणजे प्रार्थना वाया गेली असं मोजू नकोस. रोज प्रार्थना होणाऱ्या घरातलं एक पोर जाईल, एक राहील. न होणाऱ्या घरात ते काय सोडून गेलं तेही त्याला कळत नाही. माझी धाकटी दोन वर्षं आली नव्हती. मी तिच्या नावाची प्रार्थना मोठ्यानं करायची सोडली, कारण तो टोमणा होत होता. मनात केली.

नीतिसूत्रातलं मुलाला वळण लावण्याचं वचन सगळे भिंतीवर लावतात आणि हमीपत्रासारखं वाचतात. ते नीतिसूत्र आहे, करारनामा नव्हे.

निपाणीचा_भाऊ

मावशी, तुमच्याशी बाप्तिस्म्यावर पटणार नाही, पण टोमण्याचं मी घरी वाचून दाखवलं. बायकोनं माझ्याकडंच बघितलं.

वडगावची_सून

सगळ्यांना धन्यवाद, आता घरातली बातमी. नवऱ्यानं आईशी कोंकणीत बोलून घेतलं. फोनवर रडल्या म्हणे, त्यांचं एक बाळ त्यांच्या लग्नानंतर लगेच गेलं होतं. आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं, नवऱ्यालाही नाही. अर्धं वाक्य तिथलं होतं. आता घाई करायची ती त्यांच्यासाठी करतोय, भीतीनं नव्हे.

दोरा सोडवला, वेखंड तोंडात जातंय म्हणून. आजींना राग आला नाही, म्हणाल्या, पायात बांधते मग! त्याचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. पण रात्री वर आल्या होत्या. आमच्या प्रार्थनेत मधेच स्वतःचीही दोन वाक्यं बोलल्या, विठोबाला. नवरा माझ्याकडं बघायला लागला, मी आमेन म्हटलं.

भाऊ येणार आहे कार्यक्रमाला. बाप्तिस्म्याला नाही, जेवणाला, असं त्यानं स्पष्ट केलंय. माद्रीन नणंद होणार, आई साक्षी. कॅटेकिझमवाले दादा, कागदपत्रं काय न्यायची? आणि झबलं मी स्वतः शिवतेय, काही नियम आहेत का?

खानापूर_कॅटेकिझम

साधारणपणे मुलीचा जन्मदाखला, तुमच्या लग्नाचा चर्चचा दाखला आणि नणंद दुसऱ्या पॅरिशच्या असतील तर त्यांच्या फादरचं पत्र. आईंच्या बाप्तिस्म्याचा मेथडिस्ट दाखला असेल तर तोही घ्या. फादर आधी एक-दोनदा आईबाप आणि माद्रीन यांना बसवून बोलतात, तेवढा वेळ काढा.

झबलं पांढरं हवं. पुढून उघडणारं शिवा, छातीला तेल लावायचं असतं. टोपडं घातलं तर सैल नाडीचं, कारण पाणी ओतल्यावर टाळूवर क्रिझ्म (पवित्र तेल) लावतात आणि तेव्हा गाठ सुटत नाही, पोर रडतं आणि सगळे नाडीशी झटत बसतात.

कॅम्पातली_मावशी

बंद लाव, बटणं नको. मुलगी बटणं चोखते.